पहिला लढाऊ रोबॉट बांधायचा आहे: वजनगट, हत्यार आणि सुरुवातीविषयी मार्गदर्शन हवे

नवोदित (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. लढाऊ रोबॉटांच्या लढती मी बराच काळ आवडीने पाहत आलो आहे आणि आता स्वतः एक रोबॉट बांधून रिंगणात उतरायचे मनाशी पक्के केले आहे. सोल्डरिंग मला बऱ्यापैकी जमते, थ्रीडी प्रिंटर वापरायला मिळतो आणि संगणकावर साध्या भागांचे आरेखन करता येते. मात्र लेथ किंवा मिलिंग यंत्र हाताशी नाही आणि पोलाद कापण्याचा अनुभव हातकरवत, कानस आणि ड्रिल यांच्यापलीकडे गेलेला नाही.

या खेळाकडे मला ओढले ते 'टूमस्टोन' या रोबॉटने. समोर आडवी फिरणारी ती जड पोलादी पट्टी आणि तिच्या एका फटक्याने रिंगणाच्या दुसऱ्या टोकाला उडालेले प्रतिस्पर्ध्याचे चाक पाहिले, की आपणही असेच काहीतरी बांधावे असे वाटते. त्यामुळे माझे पहिले रेखाटन आडव्या पट्टीचेच आहे आणि वजन साधारण दीड किलो धरले आहे. परंतु जसजसे वाचत गेलो तसतसा गोंधळ वाढत गेला. पहिला रोबॉट साध्या पाचरीचाच, म्हणजे पुढे जमिनीलगत उतरती धार असलेला असावा, असे काहींचे मत दिसते. तयार संच घेऊन तो जुळवावा, असे काही सांगतात. आणि जे आवडते तेच बांधावे, एरवी काम अर्धवट राहते, असेही काही जण ठामपणे म्हणतात.

मला तीन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत. कोणत्या वजनगटापासून सुरुवात करावी? फिरते हत्यार पहिल्याच रोबॉटला लावणे कितपत शहाणपणाचे आहे? आणि नवख्या माणसाचा रोबॉट रिंगणात प्रत्यक्षात कशामुळे बंद पडतो, म्हणजे सर्वांत आधी काय तुटते?

रिंगणाकाठी

नमस्कार. तुमचा तिसरा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, परंतु त्याच्याकडे येण्यापूर्वी एक काम आजच करा. ज्या स्पर्धेत उतरायचे आहे तिची नियमावली मिळवा आणि रेखाटनाला हात लावण्याआधी ती शेवटपर्यंत वाचा. वजनगटांची नावे सगळीकडे सारखी असली तरी वजने सारखी नसतात. 'अँटवेट' हा गट ब्रिटनमध्ये १५० ग्रॅमचा आहे आणि रोबॉट ४ इंचांच्या घनाकृती खोक्यात मावला पाहिजे, अशी तिथे अट असते. अमेरिकेत मात्र याच नावाचा गट १ पौंडाचा, म्हणजे ४५४ ग्रॅमचा आहे. 'बीटलवेट' ब्रिटनमध्ये दीड किलोचा, तर अमेरिकेत ३ पौंडांचा, म्हणजे सुमारे १.३६ किलोचा. तुमचे दीड किलोचे रेखाटन तिथल्या वजनकाट्यावर नापास होईल. याशिवाय हत्याराच्या टोकाचा कमाल वेग, वापरता येणाऱ्या बॅटऱ्या, मुख्य स्विच कुठे असावा, हत्यार अडकवून ठेवण्याची खीळ कशी असावी, या सर्व गोष्टी रेखाटनाचा आकारच ठरवतात आणि त्या नंतर बसवू म्हटले तर सांगाडा पुन्हा करावा लागतो.

वजनगटाबाबत माझे मत स्पष्ट आहे: ४५४ ग्रॅम किंवा त्याहून लहान. दूरचित्रवाणीवर दिसणारे रोबॉट २५० पौंडांचे, म्हणजे सुमारे ११३ किलोचे असतात. तो आकार पाहून माणूस मोठ्याचा विचार करतो, परंतु लहान गटातही मोटरी, त्यांचा वेग सांभाळणारे कंट्रोलर, बॅटरी, रेडिओचे संदेश घेणारा रिसीव्हर, चाके आणि हत्यार ही रचना तीच असते आणि शिकायचे सर्व काही त्यात शिकता येते. तुमच्याकडे जी अवजारे आहेत तेवढ्यांत ४५४ ग्रॅमचा रोबॉट संपूर्ण होतो. दीड किलोच्या गटात फटक्यांची ताकद इतकी वाढते की छापलेल्या प्लास्टिकच्या सांगाड्याला पोलाद, टायटॅनियम किंवा जाड पॉलिथिलीनचे चिलखत लागू लागते, आणि ते कापणे हातकरवतीने शक्य असले तरी आनंददायक नसते.

हत्याराबाबत मी पाचर किंवा उचलणारी भुजा सुचवीन. लढत साधारणपणे ३ मिनिटांची असते. रोबॉट हलेनासा झाला तर पंच बहुतेक ठिकाणी १० पर्यंत मोजतात आणि लढत संपते. दोघेही शेवटपर्यंत चालत राहिले तर नुकसान, आक्रमकता आणि नियंत्रण या निकषांवर निर्णय होतो. नवख्यांच्या पराभवांपैकी बरेचसे प्रतिस्पर्ध्याच्या फटक्याने होत नाहीत, रोबॉट आपणहून थांबल्याने होतात. ज्याचे चालन शेवटच्या सेकंदापर्यंत शाबूत आहे आणि ज्याचा चालक प्रतिस्पर्ध्याकडे कायम तोंड ठेवून राहू शकतो, तो फिरत्या हत्याराशिवायही पुष्कळ लढती जिंकतो. तुम्ही 'टूमस्टोन'चे नाव घेतले म्हणून सांगतो: 'बॅटलबॉट्स' या अमेरिकी दूरचित्रवाणी स्पर्धेच्या २०१५ च्या अंतिम लढतीत त्याला हरवणाऱ्या 'बाइट फोर्स'ला त्या वर्षी फिरते हत्यार नव्हते, पकडून उचलणारी भुजा होती. निकाल परीक्षकांच्या कौलावर लागला.

पाचर साधी दिसते, पण तिच्यामागे नीट विचार आहे. तुमचा धक्का किती जोरदार बसेल हे चाकांवर पडणाऱ्या भारावर आणि चाकांच्या पकडीवर अवलंबून असते. पाचरीची धार प्रतिस्पर्ध्याखाली शिरली, की त्याच्या चाकांवरचा भार कमी होतो आणि तोच भार तुमच्या चाकांवर येतो. त्याच क्षणी त्याची पकड सुटते आणि तुमची वाढते. म्हणून धार जमिनीला खरोखर टेकलेली असणे आवश्यक आहे. सांगाड्याला घट्ट बसवलेली पाचर बहुधा कुठेतरी केसभर वर राहते. बिजागरीवर सैल सोडलेली पाचर स्वतःच्या वजनाने जमिनीला चिकटून राहते.

आता सर्वांत आधी काय तुटते ते. माझ्या पाहण्यात सर्वाधिक वेळा तुटते ती वायर, आणि ती नेमकी एका जागी तुटते. बारीक तारांच्या वायरला सोल्डर केले की वितळलेले सोल्डर तारांमधून काही मिलिमीटर वर चढते आणि तेवढा भाग ताठ होतो. जिथे हा ताठ भाग संपून लवचीक भाग सुरू होतो तिथे प्रत्येक धक्क्याला वायर वाकते आणि काही फटक्यांनंतर तिथेच तुटते. टाका मात्र चकचकीत आणि शाबूत दिसतो, त्यामुळे दोष शोधताना नजर त्यावरून निघून जाते. यावर उपाय एवढाच, की टाक्यापासून थोड्या अंतरावर वायर सांगाड्याला किंवा मोटरीच्या अंगाला बांधावी किंवा चिकटवावी, म्हणजे वाकणे त्या ताठ टोकाशी होत नाही. हे काम कंटाळवाणे आहे आणि ते केलेले कोणाला दिसतही नाही, परंतु रोबॉट तिसऱ्या मिनिटाला चालू राहतो तो यामुळे.

फिरती पट्टी

वरील उत्तरातील वायरींविषयीचा परिच्छेद मी पूर्णपणे मान्य करतो, परंतु हत्याराविषयीच्या सल्ल्याशी माझा मतभेद आहे. ज्याला फिरत्या पट्टीनेच या खेळाकडे ओढले, त्याला पाचर बांधायला सांगितली तर तो कदाचित ती पूर्ण करणारच नाही. आणि 'बाइट फोर्स'चे उदाहरण द्यायचे तर पुढचेही सांगायला हवे: २०१८ आणि २०१९ ही विजेतेपदे त्याने उभ्या फिरत्या हत्याराने मिळवली. प्रश्नकर्त्याने फिरते हत्यार जरूर बांधावे, मात्र त्यात काय साठवले जाते हे आकड्यांत समजून घेऊनच.

एक उदाहरण करून पाहू. १०० ग्रॅमची, १० सेंटिमीटर लांबीची सरळ पट्टी मिनिटाला ९००० फेऱ्यांनी फिरत आहे असे समजा. तिच्या टोकाचा वेग सेकंदाला सुमारे ४७ मीटर, म्हणजे ताशी १७० किलोमीटरच्या आसपास येतो, आणि तिच्यात साठलेली ऊर्जा सुमारे ३७ ज्यूल होते. ४५४ ग्रॅमचा संपूर्ण रोबॉट ८ मीटरांहून अधिक उंचीवरून खाली टाकला तर जमिनीवर आदळताना त्याच्यात जेवढी ऊर्जा असेल, तेवढी ही ऊर्जा आहे. ती एका दाताच्या, म्हणजे पट्टीच्या फटका देणाऱ्या भागाच्या टोकावर एकवटलेली असते आणि तुमच्या टेबलाजवळ उभ्या असलेल्या माणसात आणि प्रतिस्पर्ध्याच्या चिलखतात ती फरक करत नाही. त्यामुळे माझी अट एकच आहे: हत्यार पूर्ण वेगाने फिरवून पाहण्यासाठी जाड पॉलिकार्बोनेटची बंद पेटी, किंवा तशी पेटी असलेल्या मंडळाकडे नियमित जाण्याची सोय नसेल, तर फिरते हत्यार बांधू नका. अ‍ॅक्रिलिकची पेटी चालत नाही, कारण अ‍ॅक्रिलिक तडकून त्याचे धारदार तुकडे उडतात. "जरा हळू फिरवून बघतो" असे म्हणत खोलीत उघड्यावर चाचणी घेणे मला कोणत्याही परिस्थितीत मान्य नाही.

दुसरी गोष्ट, जी नवख्यांना सहसा कोणी समजावून सांगत नाही, ती म्हणजे दात किती खोल शिरतो. हत्यार अतिशय वेगाने फिरत असेल आणि दात दोन असतील, तर एका दातानंतर दुसरा येईपर्यंत तुमचा रोबॉट पुढे फारसा सरकलेलाच नसतो. मग दात नुसता खरवडत राहतो, ठिणग्या उडतात आणि फटका बसत नाही. हिशेब सोपा आहे. सेकंदाला ३ मीटर वेगाने तुम्ही प्रतिस्पर्ध्यावर जात आहात आणि ९००० फेऱ्यांची दोन दातांची पट्टी आहे, म्हणजे सेकंदाला ३०० दात समोरून जातात, तर प्रत्येक दाताला जास्तीत जास्त १० मिलिमीटर खोली मिळते. एकच दात ठेवून मागच्या बाजूला समतोलासाठी वजन दिले तर ती खोली २० मिलिमीटर होते. वेग आणखी वाढवला की ऊर्जा वाढते, पण पकड कमी होते. म्हणून मोटर निवडताना केवळ सर्वाधिक फेऱ्यांकडे पाहू नये. बिनभाराच्या फेऱ्यांचा अंदाज मोटरीचा केव्ही आकडा (दर व्होल्टमागे मिनिटाला किती फेऱ्या) आणि बॅटरीचे व्होल्ट यांचा गुणाकार करून मिळतो: १००० केव्हीची मोटर ११.१ व्होल्टांवर मिनिटाला ११,१०० फेऱ्यांच्या जवळ जाईल. तो वेग गाठायला किती सेकंद लागतात हेही तितकेच महत्त्वाचे आहे, कारण चांगला चालक तुमच्या पट्टीला वेग घेऊ देत नाही.

आडवी की उभी, याविषयी थोडे. आडव्या पट्टीचा फटका बसला की प्रतिक्रिया तुमच्यावरही तेवढीच येते आणि दोन्ही रोबॉट विरुद्ध दिशांना गरगरत जातात. तुमचा भिंतीवर आदळला तर नुकसान तुमचेच. उभे हत्यार समोरच्या बाजूने वर जाणारे असेल तर ते प्रतिस्पर्ध्याला वर फेकते आणि प्रतिक्रिया तुम्हाला जमिनीत दाबते, जे जमिनीला सोसते. पण उभे हत्यार फिरत असताना तुम्ही झटकन वळलात तर जायरोस्कोपिक परिणामाने (फिरणारी वस्तू आपल्या आसाची दिशा बदलू देत नाही त्याने) एका बाजूचे चाक उचलले जाते. वळायचा वेग आवरायला हाताला सवय लागते.

मोटरीवर पट्टी थेट बसवण्यापेक्षा मधे पट्टा ठेवणे मी पसंत करतो. फटक्याच्या क्षणी पट्टा घसरतो आणि मोटरीचा आस वाचतो. पट्टीसाठी नुसते बांधकामाचे मऊ पोलाद घेऊ नका, ते वाकते आणि वाकलेली पट्टी स्वतःच्याच सांगाड्याला लागते. एआर ५०० सारखे झीज सोसणारे कठीण पोलाद पाण्याच्या झोताने कापून देणाऱ्यांकडून कापून आणणे हा लेथ नसलेल्यांसाठी चांगला मार्ग आहे.

मधली वाट

दोन्ही बाजू वाचल्या. एक पर्याय सुटला आहे असे वाटते. काही स्पर्धांत १ पौंडाचाच, पण फक्त प्लास्टिकचा असा स्वतंत्र गट असतो. त्यात सांगाडा, चिलखत आणि हत्यार हे पीएलए, एबीएस, पीईटीजी अशा ठरावीक प्लास्टिकचेच असावे लागते. मोटरी, आस, स्क्रू आणि विद्युत भाग धातूचे चालतात. तिथे पट्टी फिरवता येते, जिंकताही येते, आणि सगळे भाग छापलेले असल्याने दोन लढतींच्या मध्ये संपूर्ण पुढची बाजू बदलणे शक्य होते. पेटीची अट मात्र इथेही तितकीच लागू आहे. ज्याच्याकडे प्रिंटर आहे आणि लेथ नाही, त्याच्यासाठी हा गट जणू मुद्दाम आखलेला आहे. जवळच्या स्पर्धेत तो आहे की नाही, एवढे आधी पाहा.

तयार संचाबद्दलही विचार आला होता. संच घेण्यात कमीपणा काहीच नाही. त्यातील मोटर, कंट्रोलर आणि बॅटरी एकमेकांना जुळणाऱ्या असतात, आणि नवख्याला ती जुळणीच सर्वांत अवघड जाते. पुढे त्याच विद्युत भागांभोवती स्वतःचा सांगाडा रचता येतो.

वीजजोडणी

मला फक्त बॅटरी आणि रेडिओविषयी लिहायचे आहे. हे वाचून पुढे जाऊ नये, प्रत्यक्ष करावे, अशी कळकळीची विनंती.

या खेळात लिथियम पॉलिमर बॅटऱ्या वापरल्या जातात. एका सेलचा नाममात्र दाब ३.७ व्होल्ट, पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट, आणि ३ व्होल्टांखाली सेल कधीही जाऊ देऊ नये. चार्जिंग नेहमी प्रत्येक सेलचा समतोल राखणाऱ्या चार्जरनेच करावे, आणि बॅटरीवर वेगळे काही लिहिलेले नसेल तर क्षमतेएवढ्याच प्रवाहाने, म्हणजे ४५० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी असेल तर ०.४५ अँपिअरने. चार्जिंग चालू असताना खोली सोडून जाऊ नये. आठवडाभर वापर नसेल तर बॅटरी भरलेली ठेवू नये. प्रत्येक सेल ३.८ व्होल्टांच्या आसपास ठेवून अग्निरोधक पिशवीत ठेवावी. फटक्याने दबलेली, फुगलेली किंवा कोपरा चेपलेली बॅटरी "अजून चालते आहे" म्हणून पुन्हा वापरणे धोक्याचे आहे. पेटलेल्या बॅटरीचा धूर विषारी असतो, त्यामुळे रोबॉटातून धूर येऊ लागला तर तो जवळ जाऊन पाहण्याचा मोह टाळावा.

सांगाड्यात बॅटरीला स्वतःची बंदिस्त जागा असावी, चारही बाजूंनी मऊ फोम असावा आणि एकाही स्क्रूचे टोक त्या जागेत डोकावत नसावे. हे आरेखनात पाहून भागत नाही. स्क्रू पूर्ण आवळल्यावर आतून बोट फिरवून पाहावे.

आता फेलसेफ. रेडिओचा संपर्क तुटला तर हत्यार आणि चाके दोन्ही आपोआप थांबली पाहिजेत, आणि तांत्रिक तपासणीत हे करून दाखवावे लागते. अनेक रिसीव्हर चालकाच्या हातातल्या ट्रान्समीटरशी जोडणी करताना ज्या स्थितीत त्याची कांडी असेल तीच स्थिती फेलसेफ म्हणून लक्षात ठेवतात. हत्याराची कांडी त्या वेळी अर्ध्यावर राहिलेली असेल, तर संपर्क तुटल्यावर हत्यार अर्ध्या वेगाने फिरत राहील. म्हणून जोडणी करताना हत्याराची कांडी शून्यावर आणि चालनाची मधोमध ठेवावी, मग हत्यार काढून, रोबॉटची चाके अधांतरी राहतील असा ठोकळ्यावर ठेवून, चाके फिरत असतानाच ट्रान्समीटर बंद करून पाहावा. चालू करताना आधी ट्रान्समीटर, मग रोबॉट. बंद करताना आधी रोबॉट, मग ट्रान्समीटर. हा क्रम घरीही मोडू नये.

एक लहान पण वारंवार आढळणारी अडचण: विमानांसाठी बनवलेले ब्रशलेस कंट्रोलर बॅटरी उतरली की मोटर बंद करतात. रिंगणात ही सुविधा तुमच्या विरुद्ध जाते, म्हणून ती सेटिंगमधून बंद करावी आणि बॅटरीची क्षमता एका लढतीला पुरून उरेल अशी निवडावी.

नवोदित

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, याबद्दल मनःपूर्वक आभार. दीड किलोचे रेखाटन बाजूला ठेवले आहे. चौकशी केली तेव्हा समजले, की मला ज्या स्पर्धेत जाता येईल तिथे ४५४ ग्रॅमचा खुला गट आहे, प्लास्टिकचा स्वतंत्र गट नाही. आणि चाचणीसाठी पेटी मला नियमितपणे मिळणार नाही. त्यामुळे 'फिरती पट्टी' यांची अट मी पूर्ण करू शकत नाही, आणि पहिला रोबॉट बिजागरीची पाचर व सर्वोने (ठरावीक कोनात वळणाऱ्या लहान मोटरीने) उचलणारी भुजा असा करायचे ठरवले आहे. पट्टी पुढच्या रोबॉटला.

दोन शंका उरल्या आहेत. ४५४ ग्रॅम कशाकशात वाटावेत याचा अंदाज येत नाही. आणि छापलेल्या सांगाड्यासाठी कोणते प्लास्टिक घ्यावे?

रिंगणाकाठी

निर्णय वाचून आनंद झाला. वजनाचा हिशेब कागदावर आधी मांडा आणि भाग हातात आले की प्रत्येक भाग तोलून कागदावरचा आकडा दुरुस्त करत जा. त्यासाठी दशांश ग्रॅम दाखवणारा लहान वजनकाटा घ्या. ढोबळ मांडणी अशी करता येईल: चार लहान गिअर मोटरी प्रत्येकी १० ग्रॅमच्या आसपास म्हणून ४० ग्रॅम, चार चाके मिळून ४०, तीन सेलची लहान बॅटरी सुमारे ४०, कंट्रोलर, रिसीव्हर, स्विच आणि वायरी मिळून २५. हे १४५ झाले. धातूच्या गिअरचा दमदार सर्वो ६० आणि भुजा ३५ धरली तर २४० होतात. सांगाडा, पाचर आणि स्क्रू यांना २०० ग्रॅम द्या आणि उरलेल्या १४ ग्रॅमांना हात लावू नका. चिकटपट्टी, वायरींवरची आवरणे यांचे वजन कागदावर कोणी धरत नाही आणि ते सगळे या १४ ग्रॅमांतून जाते. स्पर्धेच्या सकाळी वजन कमी करण्यासाठी सांगाड्याला भोके पाडत बसावे लागू नये, एवढ्याचसाठी ही शिल्लक आहे.

लहान गिअर मोटरींचा आस जेमतेम ३ मिलिमीटरचा असतो. चाकावर बसलेला आडवा फटका थेट त्या आसावर जाऊ नये म्हणून चाके मऊ फोमची किंवा रबराची घ्या आणि ती सांगाड्याच्या आत, बाहेरच्या भिंतीने झाकलेली ठेवा. वेगाचा हिशेबही करून पाहा: मिनिटाला १००० फेऱ्या आणि ४० मिलिमीटर व्यासाचे चाक असेल तर रोबॉट सेकंदाला जवळजवळ २.१ मीटर जाईल. पहिल्या रोबॉटसाठी हा वेग पुरेसा आहे. याहून वेगवान रोबॉट दिसायला छान, पण लहान रिंगणात तो भिंतीवर आदळण्यातच वेळ घालवतो.

रोबॉट उलटा पडूनही चालेल अशी चाकांची उंची ठेवा, आणि उलट्या अवस्थेत चालवण्याचा सराव आधीच करा. उलटा पडल्यावर पुढे आणि मागे यांची अदलाबदल होते, डावे-उजवे मात्र जसेच्या तसे राहते. ट्रान्समीटरच्या एका स्विचवर पुढे-मागेची दिशा उलटवण्याची सोय करून ठेवली, तर लढतीच्या गडबडीत डोक्यात हिशेब करावा लागत नाही.

सराव कसा करावा, हे विचारले नाहीत तरी सांगतो, कारण माझ्या मते उरलेले सर्व यावर अवलंबून आहे. जमिनीवर एक लहान वस्तू ठेवा आणि ती पाचरीच्या मधोमध ठेवून, न सुटू देता, ठरलेल्या कोपऱ्यापर्यंत ढकलत न्या. नंतर रोबॉट तुमच्याकडे तोंड करून असताना हेच करा, कारण त्या वेळी डावे-उजवे उलट भासते आणि बहुतेक चालक तिथेच गडबडतात. वळण्याच्या कांडीला मधल्या भागात मंद प्रतिसाद मिळेल अशी सेटिंग ट्रान्समीटरमध्ये असते. ती वापरा, पाचर लक्ष्यावर रोखणे सोपे जाते. सांगाडा छापून होण्याची वाट पाहू नका. पुठ्ठ्यावर मोटरी आणि चाके बसवून पहिल्याच आठवड्यात चालवायला लागा.

फिरती पट्टी

प्रश्नकर्त्याने पेटीची अट जशी मनावर घेतली, तसे फार थोडे जण करतात. पट्टीचे रेखाटन तयार झाले की इथे जरूर मांडा, मी सविस्तर पाहीन.

प्लास्टिकविषयी: सांगाड्याला टीपीयू हे रबरासारखे लवचीक प्लास्टिक घ्या, साधारण ९५ ए कठीणपणाचे. ते फटक्याने तुटत नाही, दबते आणि परत येते. मात्र सर्वो जिथे बसतो ती जागा टीपीयूची ठेवली तर भुजा उचलताना सर्वोच पिळवटतो. तेवढा आधार नायलॉनचा किंवा जाड पॉलिथिलीनच्या पत्र्यातून कापलेला असावा. यूएचएमडब्ल्यू हे अतिशय चिवट जातीचे पॉलिथिलीन पाण्याहूनही हलके असते, चिवट असते आणि हातकरवतीने कापता येते, फक्त गोंदाने ते चिकटत नाही, स्क्रूच लावावे लागतात. छापताना आतली जाळी दाट करण्यापेक्षा भिंतींचे थर वाढवा. छापलेला भाग थरांच्या सांध्यावर सर्वांत आधी फुटतो, म्हणून थर अशा दिशेने ठेवा की समोरून येणारा फटका ते एकमेकांपासून सोलून काढणार नाही.

स्क्रू धक्क्यांनी सैल होतात, त्यामुळे धातूत बसणाऱ्या प्रत्येक स्क्रूला आटे पकडून ठेवणारा द्रव लावा. पण तो पॉलिकार्बोनेटला लागू देऊ नका, त्याने त्या प्लास्टिकला बारीक भेगा पडतात आणि पहिल्या फटक्याला तो भाग फुटतो. वरचे झाकण पॉलिकार्बोनेटचे करणार असाल तर हे विशेष लक्षात ठेवा.

स्पर्धेला जाताना दोन सुट्या मोटरी, एक जास्तीची बॅटरी, आधीच सोल्डर करून ठेवलेल्या वायरी आणि पाचरीची दुसरी प्रत बरोबर असू द्या, कारण दोन लढतींमध्ये मिळणारा वेळ पुष्कळदा एका भागाची अदलाबदल करण्यापुरताच असतो. उचलणारी भुजाही हत्यारच धरली जाते, म्हणून तिला अडकवून ठेवणारी खीळ तपासणीत मागितली जाईल. त्या खिळीला लांब लाल फीत बांधा. रिंगणाचे दार बंद होण्यापूर्वी ती काढायची राहिली, तर पंचांना आणि तुम्हाला दोघांनाही लांबून दिसेल.